मूळ संचात, वीस वर्षांनंतर

प्रश्न : ताई, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गाजलेला मारधाडीचा सिनेमा आता परत येतो. नायक तोच, दिग्दर्शक तोच, नाव तेच, पुढं फक्त दोनचा आकडा. 'गदर २'ला आम्ही घरातल्या तीन पिढ्या मिळून गेलो, लई मजा आली. 'हिंदुस्तानी २'ला मी एकटाच गेलो आणि मध्यंतरात उठून आलो. दोन्हीकडं जुनीच माणसं होती, मग असं काहून झालं? आणि एवढ्या वयाची माणसं परत आणण्यापेक्षा नवी पोरं का घेत नाहीत?
— एक वाचक, अहमदपूर, जि. लातूर

उत्तर : एका सिनेमाला घरदार घेऊन गेलात आणि दुसऱ्याला एकटेच, हे तुम्ही सहज लिहून गेलात. मला वाटतं, उत्तराचं टोक तिथंच आहे. तिथं येऊ, पण आधी पैशाची बाजू उरकून टाकते.

नव्या नावाचा सिनेमा लोकांच्या कानावर घालायला फार खर्च येतो. जुनं नाव त्यातला बराचसा वाचवतं. टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागणारा सिनेमा ही फुकटातली जाहिरातच असते. 'गदर' आला तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी पोरं त्यातला हातपंप ओळखतात, ती टीव्हीमुळंच. शिवाय नावाची मालकी कुणाकडं आहे, हाही मोठा प्रश्न असतो. 'गदर' मुळात झी समूहाचा होता, आणि दुसऱ्या भागाच्या निर्मितीतही झी स्टुडिओज होतं. नाव, गाणी, जुनी दृश्यं एकाच घरात होती. पण पैसा हे सिनेमा काढायचं कारण झालं. लोक तिकीट काढून शेवटपर्यंत बसून राहतात, त्याचं कारण वेगळं असतं.

मराठी नाटकांच्या जाहिरातीत 'मूळ संचात' असे दोन शब्द येतात. नांदेडच्या शंकरराव चव्हाण प्रेक्षागृहात एखादं जुनं नाटक मूळ संचात येतंय असं कळलं, की आम्ही दोन तिकिटं जास्तीची काढून ठेवतो. या माणसांनी ते नाटक शेकडो वेळा एकमेकांसमोर उभं राहून केलेलं असतं. कुणी कुठं थांबायचं, कुठल्या वाक्यानंतर हशा पुरता ओसरू द्यायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. सिनेमाचं तसं नाही. शेवटचा शॉट झाला की संच पांगतो आणि वीस वर्षं ती माणसं एकमेकांशिवाय जगतात. म्हणून सिनेमात मूळ संच परत आला असं म्हटलं, की मी आधी एकच पाहते : मधल्या वर्षांचा हिशोब कुणी मांडला आहे का?

'गदर : एक प्रेमकथा' १५ जून २००१ रोजी लागला, 'लगान'च्याच दिवशी. 'गदर २' आला ११ ऑगस्ट २०२३ ला. दिग्दर्शक अनिल शर्मा, लेखक शक्तिमान, सनी देओल आणि अमिषा पटेल हे सगळे दोन्हीकडं. पण मला त्या संचातलं सगळ्यांत मोलाचं माणूस वाटतं ते म्हणजे जीते. पहिल्या सिनेमात बापाचं बोट धरून पाकिस्तानात गेलेला तो पोरगा म्हणजे दिग्दर्शकाचा मुलगा उत्कर्ष. दुसऱ्या भागातला तरुण जीतेही तोच आहे. बावीस वर्षं त्याच्या चेहऱ्यावर खरोखरची गेली आहेत, त्यासाठी रंगभूषेची गरज पडली नाही. गोष्टही तशीच पुढं सरकली. पहिला भाग फाळणीचा आणि त्यानंतरच्या काही वर्षांचा, दुसरा १९७१ चा. पहिल्यात सनी देओलचा तारासिंग बायकोसाठी, सकिनासाठी, सरहद्द ओलांडतो, दुसऱ्यात मुलासाठी. सनी देओल तेव्हा पासष्टीच्या घरात होते आणि सिनेमानं त्यांना तरुण दाखवायचा आटापिटा केला नाही. पोटचं पोर अडकलंय म्हटल्यावर त्या वयाचा बाप काय करेल, एवढंच प्रेक्षकाला पटवायचं होतं, आणि ते पटायला गुडघे आड येत नाहीत.

त्यात एक जागा आहे, तुम्हालाही आठवत असेल. चालून आलेल्या जमावासमोर तारासिंगची नजर एका हातपंपाकडं जाते. या वेळी तो पहिल्या भागासारखा पंप उपटत नाही. त्याची नजर तिकडं गेलेली पाहूनच माणसं पळत सुटतात. बाहेरून आलेला नवा दिग्दर्शक असता तर त्यानं पंप पुन्हा उपटवला असता, आधीपेक्षा मोठा, आधीपेक्षा जोरात. कुठली आठवण नुसती खुणेनं सांगितली तरी पुरते, हे ज्यानं ती आठवण घडवली त्यालाच कळलं.

सगळं चोख होतं असं मात्र मी म्हणणार नाही. अमरीश पुरी २००५ मध्ये गेले. सकिनाच्या बापाचा तो दरारा दुसऱ्या भागात कुणाकडूनच आला नाही आणि खलनायकाची बाजू लंगडी राहिली. तारासिंगचा मित्र दरम्यानसिंग झालेले विवेक शौक २०११ मध्ये गेले. उत्तम सिंग यांच्या जुन्या चाली संगीतकार मिथुन यांनी नव्यानं वापरल्या, आणि खरं सांगायचं तर थिएटरात सगळ्यात जास्त गळे त्या जुन्या चालींवरच मोकळे झाले. सिनेमानं देशात सव्वापाचशे कोटींच्या आसपास निव्वळ कमाई केली.

आता 'हिंदुस्तानी २'. मूळ तमिळ 'इंडियन' १९९६ चा, दिग्दर्शक शंकर, नायक कमल हासन. दुसरा भाग १२ जुलै २०२४ ला आला, अठ्ठावीस वर्षांनी. पोस्टरवरची दोन्ही मोठी नावं तीच. पण पोस्टरच्या मागं पाहा. पहिल्या सिनेमाचे संवाद सुजाता या टोपणनावानं लिहिणाऱ्या रंगराजन यांचे होते, ते २००८ मध्ये गेले. छायाचित्रण जीवा यांचं, ते २००७ मध्ये गेले. संगीत ए. आर. रहमान यांचं होतं, दुसऱ्या भागात अनिरुद्ध आले. म्हणजे तुम्ही ज्याला जुनीच माणसं म्हणता, तो संच बाहेरून भरलेला दिसत होता आणि आतून अर्धा रिकामा होता. बोलणारा तोच, पण त्याच्या तोंडी वाक्यं घालणारा माणूस नाही. हे नुकसान तिकीट काढताना दिसत नाही, अर्ध्या तासानं जाणवू लागतं.

आणि वयाचा हिशोब तर पार चुकला. १९९६ मध्ये कमल हासन एक्केचाळीस वर्षांचे होते. रंगभूषा करून त्यांनी नेताजींच्या सेनेत लढलेला, सत्तरी गाठलेला सेनापती उभा केला. तो म्हातारा लोकांना पटला, कारण त्याचं आयुष्य मागं मोजता येत होतं : स्वातंत्र्यलढा, मग भ्रष्टाचार, मग घरातलंच दुःख. २०२४ मध्ये कमल हासन स्वतः सत्तरीला टेकले होते, म्हणजे जुन्या सेनापतीच्या वयाला आले होते. पण पडद्यावरचा सेनापती तोवर शंभरी ओलांडून गेला होता आणि तरी तरुण पोरांना भारी पडत होता. ही वर्षं कुठं गेली, याचं उत्तर सिनेमानं दिलं नाही. प्रेक्षक मनातल्या मनात वजाबाकी करत बसला, आणि मारामारी चालू असताना वजाबाकी करणारा प्रेक्षक मध्यंतरात उठणारच.

म्हणून तुमचं घरदार महत्त्वाचं. 'गदर २'मध्ये बाप आणि मुलगा होते. तुम्ही बावीस वर्षांपूर्वी पाहिलेल्या माणसाला तुमच्याबरोबर म्हातारं होऊ दिलं होतं, त्यामुळं शेजारच्या खुर्चीतल्या नातवाला 'हा तोच बघ' म्हणून दाखवता आलं. आपल्या भागात तर तारासिंग परका वाटायचं कारणच नाही. हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून येणारे फेटेवाले आजोबा आणि त्यांचं कुटुंब पाहतच नांदेडची पोरं मोठी होतात.

प्रश्न : साठी उलटलेले नट एवढी मारामारी खरोखर करतात का?
— एक वाचक, कंधार, जि. नांदेड

उत्तर : थोडी करतात, बरीचशी करवून घेतात. जवळून चेहरा दिसतो तो नटाचा, पाठमोरी उडी असते ती ड्युप्लिकेटची. उंचावरून पडणं, भिंतीवर आपटणं हे हार्नेस आणि वायरवर होतं. ती वायर नंतर संगणकावर पुसतात. फुटणाऱ्या बाटल्या आणि काचा खऱ्या काचेच्या नसतात, सहज तुटेल अशा मालाच्या असतात. पण सगळ्यांत मोठं कसब मार खाणाऱ्याचं असतं. ठोसा जोरात बसला असं आपल्याला वाटतं, कारण समोरचा फायटर नेमक्या क्षणी हवेत फेकला जातो. म्हाताऱ्या नायकाच्या सिनेमात हे पडणाऱ्यांचं काम दुपटीनं वाढतं आणि त्यांचं नाव श्रेयनामावलीत झरकन निघून जातं.

'टॉप गन'चा दुसरा भाग २०२२ मध्ये आला, छत्तीस वर्षांनी. टॉम क्रूझ तेव्हा साठीला टेकले होते. त्यातली विमानं खरी होती, नटही खरोखर हवेत गेले होते, पण लढाऊ विमान चालवत होते ते अमेरिकी नौदलाचे वैमानिक. नट मागच्या आसनावर बसलेले.

धोका मात्र सिनेमातला नसतो, खरा असतो. १९ फेब्रुवारी २०२० रोजी चेन्नईजवळ 'इंडियन २'च्या, म्हणजे वरच्या 'हिंदुस्तानी २'च्याच, सेटवर क्रेन कोसळली आणि तीन माणसं गेली. पडद्यावर त्या सिनेमाविषयी माझी कितीही तक्रार असली, तरी त्याचं नाव निघालं की मला आधी ती तीन माणसं आठवतात.

प्रश्न : मी अकरावीत आहे. रितेश देशमुख आमच्या लातूरचे. 'लय भारी' मी लहानपणापासून कितीतरी वेळा पाहिलाय. त्याचा दुसरा भाग त्याच टीमबरोबर का येत नाही? 'माउली' पाहिला, पण तसं वाटलं नाही. आणि एखाद्या नटाऐवजी दुसरा नट घेतला तर चालत नाही का?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : बाळा, तुझ्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर दुःखाचं आहे. ती टीम आता तशीच्या तशी जमूच शकत नाही. 'लय भारी'चे दिग्दर्शक निशिकांत कामत १७ ऑगस्ट २०२० रोजी हैदराबादला गेले, जेमतेम पन्नाशीत.

'लय भारी' ११ जुलै २०१४ चा, आषाढी वारीच्या दिवसांतला. साजिद नाडियादवाला यांची कथा, अजय-अतुल यांचं संगीत, रितेशची दुहेरी भूमिका. मराठीत असा हिंदीच्या तोडीचा मारधाडपट बऱ्याच दिवसांनी आला होता आणि तिकीटबारीवर तो तेव्हाच्या मराठी सिनेमांत फार पुढं गेला. पण एक गोष्ट लक्षात घे. हा सिनेमा करणाऱ्या कामतांनी त्याआधी 'डोंबिवली फास्ट' केला होता. रोजच्या लोकलनं जाणारा एक साधा माणूस एके दिवशी कसा पेटून उठतो, याची ती गोष्ट. साध्या माणसाचा राग कुठून येतो, हे त्यांना आतून माहीत होतं. म्हणून 'लय भारी'तला माऊली दहा जणांना लोळवत असला, तरी तो पंढरपूरच्या रस्त्यावर भेटेल असा वाटला. त्यात मसाला होता, पण मसाल्याखाली भाजी होती.

'माउली' १४ डिसेंबर २०१८ ला आला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, लेखक क्षितिज पटवर्धन. तो 'लय भारी'चा दुसरा भाग नव्हताच. इथला माउली पोलीस इन्स्पेक्टर आहे, गोष्ट पूर्ण वेगळी. पण नाव तेच, नट तोच, विठ्ठलाचा आधार तोच, संगीतकारही तेच, त्यामुळं आपण सगळे मनात जुना हिशोब धरूनच बसलो. सरपोतदार गुणी दिग्दर्शक आहेत, पुढं 'मुंज्या' करून त्यांनी ते दाखवलं. तुला जे 'तसं' वाटलं नाही, ते कामतांचं होतं. ते उसनं आणता येत नाही आणि दुसऱ्यानं आणायचा प्रयत्नही करू नये.

आता नट बदलण्याचं. तिथं माझं मत बऱ्याच लोकांपेक्षा वेगळं आहे : नट बदलला तर चालतो, पण ज्यानं ते जग रचलं तो बदलू नये. याचं सर्वांत चांगलं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. जॉर्ज मिलर यांनी १९७९ मध्ये 'मॅड मॅक्स' काढला. रखरखीत वैराण प्रदेश, मोडक्या गाड्या, इंधनासाठी आणि पाण्यासाठी चाललेल्या मारामाऱ्या. तिसरा भाग १९८५ ला आला आणि मग तीस वर्षं काही नाही. २०१५ ला चौथा भाग 'फ्युरी रोड' आला तेव्हा मेल गिब्सन यांच्या जागी टॉम हार्डी होते. कुणी हरकत घेतली नाही, कारण मिलर तेच होते. आणि त्यांनी एक सुंदर गोष्ट केली. १९७९ मध्ये ज्यांनी खलनायक केला होता त्या ह्यू कीज-बर्न यांना त्यांनी नव्या भागातही खलनायक म्हणूनच परत आणलं, पण नव्या नावानं आणि तोंडावर मुखवटा चढवून. ज्यांना ठाऊक होतं त्यांना ओळख पटली, बाकीच्यांचं काही अडलं नाही. संकलन केलं मिलर यांच्या पत्नी मार्गारेट सिक्सेल यांनी. मारधाडीचा सिनेमा त्यांनी आधी कधी हाताळला नव्हता आणि ऑस्कर घेऊन गेल्या. त्या सिनेमाला एकूण सहा ऑस्कर मिळाले.

जाता जाता तुला, लातूरच्या मुलीला, सांगण्यासारखी एक गोष्ट. हा सिनेमा ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या वैराण रानात व्हायचा होता. पण तिथं न भूतो असा पाऊस पडला आणि सगळं माळरान फुलांनी भरून गेलं. वाळवंट दाखवायला वाळवंटच उरलं नाही, तेव्हा सगळा लवाजमा उचलून आफ्रिकेतल्या नामिबियाला न्यावा लागला. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे यायची तेव्हा मी घागरीच्या रांगा पाहिल्या आहेत. पाऊस पडला म्हणून कुणाचं काम अडलं, हे वाचून मी कितीतरी वेळ त्या फुललेल्या माळाचे फोटोच पाहत बसले होते.

एक मात्र खरं, की नट कुठं बदलायचा आणि कुठं नाही, याला मोजपट्टी नाही. 'टॉप गन'च्या दुसऱ्या भागात व्हॅल किल्मर यांच्या जागी दुसरा कुणी चालला नसता. घशाच्या कर्करोगानं त्यांचा आवाज गेला होता. सिनेमानं ते झाकलं नाही, त्यांच्या पात्रालाही तेच दुखणं दिलं. तो एक प्रसंग अख्ख्या विमानयुद्धापेक्षा जास्त लक्षात राहतो. मूळ दिग्दर्शक टोनी स्कॉट २०१२ मध्येच गेले होते, म्हणजे वर मांडलेलं माझंच मत इथं पूर्ण लागू पडत नाही. पण वर्षांचा हिशोब त्या सिनेमानं पै न पै दिला.

प्रश्न : मराठीत असं झालंय का? 'झपाटलेला'चा दुसरा भाग आला होता, पण लक्ष्याच नव्हता. मग त्याला मूळ संच म्हणायचं का?
— एक वाचक, देगलूर, जि. नांदेड

उत्तर : माझ्या मनातला प्रश्न विचारलात. महेश कोठारे यांच्या सिनेमांना आपण विनोदी म्हणून बाजूला ठेवतो, पण त्या काळात मराठीत गाड्यांचे पाठलाग, बंदुका, उड्या आणि कमरेला पिस्तूल लावलेला इन्स्पेक्टर आणला तो त्यांनीच. 'दे दणादण', 'थरथराट', 'धडाकेबाज' ही नावं घेतली की पुरे. 'धडाकेबाज' १९९० चा, मराठीतला पहिला सिनेमास्कोप. मोठ्या पडद्याचा हा हव्यास त्यांनी सोडला नाही. ७ जून २०१३ ला 'झपाटलेला २' आला तो त्रिमितीत, तेव्हा मराठीत ते कुणी केलं नव्हतं.

मूळ 'झपाटलेला' १९९३ चा. कल्पनेचं बीज 'चाइल्ड्स प्ले' या १९८८ च्या अमेरिकी सिनेमातलं, गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो ते. पण इथला बाहुला, तात्या विंचू, आपल्या मातीतला झाला तो तीन माणसांमुळं. बाहुला घडवला रामदास पाध्ये यांनी, ज्यांच्या घरात अर्धवटराव नांदतो. त्या बाहुल्याला आवाज आणि त्याआधी माणसाचं रूप दिलं दिलीप प्रभावळकरांनी. आणि त्या बाहुल्याला घाबरलं कोण? लक्ष्मीकांत बेर्डे. हे तिसरं काम सर्वांत अवघड. समोर एक निर्जीव वस्तू असते. तिच्याकडं पाहून खरी भीती आणि खरा विनोद एकाच वेळी चेहऱ्यावर आणायचा, तोही हात-दीड हात अंतरावरून. आपण बाहुल्यावर विश्वास ठेवला, कारण लक्ष्यानं ठेवला.

लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले, वयाच्या पन्नासाव्या वर्षी. म्हणून २०१३ मध्ये संच अपुराच होता, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण कोठारे यांनी लक्ष्याच्या जागी दुसरा लक्ष्या उभा केला नाही. गोष्ट वीस वर्षं पुढं नेली आणि त्याच्या मुलाला मध्यभागी आणलं. ती भूमिका कोठारे यांचाच मुलगा आदिनाथ यानं केली. योगायोग पाहा, अनिल शर्मांनीही दहा वर्षांनी आपल्याच मुलाला घेऊन तोच मार्ग धरला. कोठारे यांनी स्वतः केलेला इन्स्पेक्टर महेश जाधवही परतला, तोही वाढलेल्या वयासकट. शिवाय आपल्या मराठवाड्याच्या बोलीचा रंग घेऊन बीडचा मकरंद अनासपुरे आला, त्यामुळं आमच्याकडच्या थिएटरात जरा वेगळेच हशे उसळले.

वय न वाढलेला एकटा तात्या. मारधाडीच्या जुन्या सिनेमाला जो प्रश्न छळतो तो नायकाच्या वयाचा. इथं खलनायक बाहुला होता, त्यामुळं कोठारेंना ती सोय आयती मिळाली. पण बाहुला म्हातारा होत नसला तरी आवाज होतो. प्रभावळकर दुसऱ्या भागात सत्तरीला पोचत होते. तोच खरखरीत, खोडसाळ, गोड बोलून गळा धरणारा आवाज त्यांनी पुन्हा काढला. तो आवाज दुसऱ्या कुणाचा असता तर बाहुला कितीही हुबेहूब असता तरी आम्ही ओळखला नसता. अमेरिकेत हे घडलंच. त्या मूळ बाहुल्यावर २०१९ मध्ये नव्यानं सिनेमा काढला गेला, लेखक डॉन मॅन्सिनी आणि आवाज देणारे ब्रॅड डुरीफ या दोघांनाही वगळून. तो आला आणि गेला. २०२१ मध्ये त्या दोघांनी मिळून मालिका केली आणि जुने चाहते तिकडं गेले.

सिनेमा म्हणून 'झपाटलेला २' पहिल्याच्या जवळपास जात नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. त्रिमितीसाठी वस्तू प्रेक्षकाच्या अंगावर फेकण्यात बराच वेळ जातो आणि भीती पातळ होते. सर्वांत मोठी उणीव तीच, तुम्ही म्हणता ती. बाहुल्याकडं पाहून मनापासून घाबरणारं माणूस नाही. तरीही मी त्याला मूळ संचच म्हणेन. घरातलं एक माणूस गेलं तरी त्या घराचं नाव बदलत नाही, पाटावर एक जागा मोकळी दिसते एवढंच. त्या सिनेमात ती जागा मोकळी दिसत होती आणि कुणी ती झाकली नव्हती.

माझ्यासाठी या सिनेमाच्या वीस वर्षांचा हिशोब वेगळाही आहे. १९९३ म्हटलं की लातूर आणि धाराशिवच्या माणसाला सिनेमा आठवत नाही. ३० सप्टेंबरची भूकंपाची पहाट आठवते, तीन वाजून छप्पन्न मिनिटांची. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं उठलीच नाहीत. माझी मावशी त्या पट्ट्यातली. ती आणि तिची दोन मुलं वाचली, काका गेले.

पुढच्या वर्षी गणपतीत आम्ही तिच्याकडं गेलो तेव्हा ती पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. गणपती बसवायचे की नाही, यावर गावात दोन मतं होती. शेवटी लहान पोरांसाठी म्हणून एक छोटी मूर्ती आणली. पोरांनीच पाच-पाच रुपये गोळा करून औशाहून भाड्यानं व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही आणला. शेडपुढच्या मोकळ्या जागेत दोन बाकडी एकावर एक ठेवून टीव्ही वर चढवला. कॅसेट होती 'झपाटलेला'ची. बायका आधी दारातूनच पाहत होत्या. लक्ष्या पहिल्यांदा बाहुल्यापासून पळत सुटला तेव्हा एक म्हातारी मोठ्यानं हसली आणि लगेच तोंडाला पदर लावला. मग दुसरी हसली. थोड्या वेळानं सगळे पुढं सरकले. मावशी माझ्या शेजारी येऊन बसली आणि पोट धरून हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते कसलं होतं, हे मी तिला कधी विचारलं नाही.

२०१३ च्या जूनमध्ये लातूरला दुसरा भाग लागला तेव्हा मी तिला आणि तिच्या नातवाला घेऊन गेले. तोपर्यंत ती सत्तरीला आली होती. तिथं मिळालेला त्रिमितीचा काळा चष्मा तिनं आपल्या चष्म्यावरच बसवला आणि तो घसरू नये म्हणून एका हातानं धरून ठेवला. सुरुवातीला तिला काही नीट दिसेना, सारखी मला विचारत होती, हे कोण, ते कोण. मग अंधारातून तात्याचा आवाज आला. तिनं चष्मा धरलेला हात सोडून शेजारच्या नातवाचा दंड धरला आणि म्हणाली, "हाच बग तो. तुज्या बापाला अंथरुणात मुतवलं होतं यानं."